वजन उचलायचं नाही, मग करायचं काय?

लाडकी बहीणच्या ई-केवायसीची गर्दी होती तेव्हाची गोष्ट. आमचं छोटंसं ई-सेवा केंद्र आहे, बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, त्या दिवसांत सकाळी सातपासून बायका लाइनीत असायच्या आणि सर्व्हर मात्र दुपारी तीनला झोपायचा. त्यातलीच एक, वय पस्तीस-छत्तीस असेल, ओटीपी येईपर्यंत पिशवीतून एक घडी पडलेला कागद काढून म्हणाली ताई एवढं वाचून दाखवा की. दवाखान्याचा डिस्चार्ज कागद होता. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेलं. औषधं लिहिली होती आणि सगळ्यात खाली इंग्रजीत एक ओळ, अव्हॉइड हेवी वेट लिफ्टिंग. मी सांगितलं, वजन उचलायचं नाही म्हणून लिहिलंय. ती म्हणाली, "ते नाई उचलायचं ते कळलं, पण करायचं काय ते लिव्हलंय का त्यात?"

नव्हतं लिहिलेलं. कुठल्याच कागदावर नसतं.

नंतर ती दोन-तीन वेळा आली, दरवेळी तोच प्रश्न घेऊन, तुमच्या कॉम्प्युटरवर बघा ना एखादं हलकं काम. आणि तीच एक नाही, माझ्याकडे महिन्याला पाच-सात जण तरी येतात. हर्नियाचं ऑपरेशन झालेला माणूस, मणक्यात गॅप आहे म्हणणारा, सिझर होऊन तीन महिने झालेली पोरगी, पन्नाशीचा हमाल ज्याचा गुडघा आता जिना चढत नाही. सगळ्यांचं मागणं एकच असतं की दादा-ताई पगार कमी चालंल पण वजन नको.

मराठीत एक गंमत आहे, वाईट गंमत. "हलकं काम" म्हटलं की त्याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे कमी वजनाचं आणि दुसरा म्हणजे कमी इज्जतीचं. आणि ज्याला पहिल्या अर्थाचं हवंय त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा दुसऱ्या अर्थाचं येतं. म्हणजे झाडलोट, संडास धुणं, नाहीतर बारा तास वॉचमन. वजन कमी आणि पगार त्याहून कमी.

मी खरंच शोधून पाहिलं, नोकरीच्या अ‍ॅपवर. पुण्या-संभाजीनगरच्या जाहिराती उघडून बसले एक अख्खा रविवार. "हेल्पर पाहिजे", काम काय ते लिहिलेलं नाही, फोन केला की कळतं लोडिंग-अनलोडिंग. "ऑफिस बॉय", वाटतं चहा द्यायचा फाइली हलवायच्या, पण पाण्याचा 20 लिटरचा जार डिस्पेन्सरवर कोण उलटा करणार, ऑफिस बॉयच करणार, म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा 20 किलो छातीपर्यंत उचलायचं. "पिकर-पॅकर", दहा मिनिटांत किराणा घरी पोचवणाऱ्यांच्या गोडाऊनमध्ये, तिथे धावपळ तर आहेच आणि आट्याच्या दहा किलोच्या बॅगा पण आहेत. "डिलिव्हरी बॉय", बिल्डिंगची लिफ्ट बंद असली की तो पण हमालच. एकाही जाहिरातीत किती किलो उचलावं लागेल हे लिहिलेलं नव्हतं. वय लिहितात, शिक्षण लिहितात, स्वतःची बाईक पाहिजे लिहितात, "प्रेझेंटेबल" पाहिजे हे सुद्धा लिहितात. वजन नाही लिहीत. ज्याला उचलता येत नाही त्याने जायचं, दोन दिवस काम करून बघायचं आणि तिसऱ्या दिवशी दुखणं घेऊन घरी यायचं, असा एकूण हिशोब.

आणि जी खरोखरची बसून करायची कामं आहेत, काउंटर, डेटा एंट्री, सीसीटीव्हीसमोर बसणं, दवाखान्यात केसपेपर काढणं, तिथे कागद लागतो. एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स लागतो, टायपिंगची परीक्षा लागते. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागायचं तरी आता बारावी पास पाहिजे आणि वयाची अट पण आहे. जड कामाला कोणी मार्कशीट मागत नाही, तिथे नुसतं शरीर चालतं. मग ज्याच्याकडे नुसतं शरीरच होतं आणि तेच बिघडलं, त्याने चाळिशीत बारावीला बसायचं का? काही जण बसतातही, मला कौतुक आहे त्यांचं, पण याला धोरण म्हणता येत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. आपण सगळे, मी पण, हा प्रश्न असा मांडतो की बिचाऱ्याला हलकं काम कुठे मिळेल. म्हणजे काम जसं आहे तसंच राहणार, माणूस मात्र बदलायचा, हा मोडला तर दुसरा लावायचा. माझं म्हणणं आहे की प्रश्नच उलटा विचारायला पाहिजे. वजन एवढं का आहे? 50 किलोचं पोतं काय झाडाला लागतं का? कोणीतरी ठरवलंय ना ते.

आणि ठरवलेलं बदलता येतं हे आपल्याच राज्यात झालेलं आहे. ज्यांचं वय साठीच्या वर आहे त्यांना विचारा, धान्याचं पोतं 100 किलोचं असायचं. एक क्विंटल, पाठीवर, फळीवरून चढत ट्रकमध्ये. ते 50 वर आलं. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी संघटित केले, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत उभी राहिली, 1969 ला माथाडी कायदा झाला, माथाडी बोर्ड आले, मजुरीवर मालकाने बोर्डाकडे भरायची लेव्ही आली, ज्या माणसाचं नाव कुठल्याच मस्टरवर नव्हतं त्याला प्रॉव्हिडंट फंड मिळाला. आणि आजही वाशीच्या मार्केटमध्ये कांद्याची गोणी 50 च्या वर भरून आली की माथाडी कुरकुर करतात, प्रसंगी काम बंद करतात. लोक म्हणतात माजलेत. माजलेत कसले, पाच किलो जास्त म्हणजे काय हे ज्याच्या मानेवर येतं त्यालाच कळतं, आणि दिवसाला शंभर गोण्या असतील तर ते पाच किलो नसतात, अर्धा टन असतो.

पण 50 वर येऊन आपण थांबलो. जणू काही 50 हा देवाने दिलेला आकडा आहे. विमानतळावर जाऊन बघा, माझा भाऊ गेल्या वर्षी दुबईला गेला तेव्हा मी सोडायला गेले होते, काउंटरवर सांगितलं की एका बॅगेत 32 किलोच्या वर चालणार नाही, जास्तीचे पैसे भरले तरी नाही, दोन बॅगा करा. का? तर उचलणाऱ्या माणसाला इजा होते म्हणून. जगात बहुतेक ठिकाणी हाच नियम आहे. म्हणजे विमानात बॅग चढवणाऱ्या माणसाच्या कंबरेला 32 ची मर्यादा, आणि त्याच विमानतळाची भिंत बांधायला ज्याने सिमेंट वाहिलं त्याच्या कंबरेला 50. कंबर तर दोघांची सारखीच असेल ना? तिकडे इंग्लंडात सिमेंटची गोणी 25 किलोची मिळते, भिंती त्यांच्याही उभ्या राहतात.

बरं आपल्याकडे पोत्याचं वजन कमी करायचं ठरलं तर होतं हे पण सांगते. 2018 मध्ये युरियाची गोणी 50 वरून 45 किलोवर आली, अख्ख्या देशात, कुठे दंगल झाली नाही. पण कारण काय होतं माहितीय? शेतकरी एकराला किती किलो असं मोजत नाही, किती गोण्या असं मोजतो, म्हणून गोणी बारीक केली की युरिया कमी टाकला जाईल. जमिनीसाठी आणि सबसिडीसाठी पाच किलो कमी करता आले, कंबरेसाठी नाही.

कायदा नाही असं नाही. 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये 34 वं कलम होतं, इजा होईल इतकं वजन कोणाला उचलायला लावू नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1967 चा एक करार आहे, फक्त वजन उचलण्यावरच, त्याला भारताने 2010 मध्ये मान्यता दिली. त्याच्या जोडीच्या शिफारशीत धडधाकट पुरुषाला जास्तीत जास्त 55 किलो असं म्हटलंय, म्हणजे तो आकडा पण 1967 चाच, माझ्या वडिलांच्या लहानपणीचा. अमेरिकेतली कामगार सुरक्षेची संशोधन संस्था आज सगळं अनुकूल असेल तर 23 किलो म्हणते. सगळं अनुकूल म्हणजे ओझं अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, न वळता. आमच्या इथे ट्रकच्या फाळक्यावर उभं राहून कोण न वळता उचलतो ते दाखवा.

फॅक्टरीतल्या लोकांची वेगळीच तऱ्हा. ज्याचा पगार 21 हजारांच्या आत आहे आणि ईएसआय म्हणजे कामगार विमा कापला जातो त्याला आजारपणात वर्षातले 91 दिवस 70 टक्के पगार मिळतो, चांगली गोष्ट आहे. पण 91 दिवसांनी काय? माझा एक मावसभाऊ एमआयडीसीत प्रेसवर होता, मणका सरकला, तीन महिने पडून राहिला, मग डॉक्टरने लिहून दिलं, फिट फॉर लाइट ड्युटी. तो कागद घेऊन गेला तर सुपरवायझर म्हणतो आमच्याकडे लाइट ड्युटी नावाचं डिपार्टमेंटच नाही, फुल फिट होऊन या. परत डॉक्टरकडे गेला तर डॉक्टर म्हणतात फुल फिट तुम्ही आता होणार नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि हा मधल्या मध्ये. शेवटी कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही, काढलं असं पण म्हणता येत नाही. सरकारी नोकरीत असता तर 2016 च्या दिव्यांग कायद्यात सरळ लिहिलंय की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येणार नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्या, जागा नसेल तर जागा तयार करा. खासगीत तशी सक्ती नाही आणि तसंही मणका सरकला म्हणून 40 टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट काही सहज मिळत नाही. तो पुरेसा धडधाकट नाही आणि पुरेसा अपंगही नाही. अशा मधल्या माणसांसाठी आपल्याकडे शब्दच नाहीये, योजना तर लांबची गोष्ट.

आणि बाया. ऊसतोडीचं मी इथली म्हणून सांगते. मुकादमाकडून, म्हणजे कारखान्याला तोडणीची माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, आधी जे पैसे घेतात त्याला आमच्याकडे "उचल" म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, कोयत्यावर उचल. दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. तिथे पहाटे ऊस तोडायचा, मोळी बांधायची, 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत टाकायची, एक दिवस घरी बसलं की खाडा आणि खाड्याचा दंड. पाळी आली म्हणून दंड, पोटात दुखतंय म्हणून दंड. म्हणून मग पिशवीच काढून टाका. 2019 मध्ये नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली होती, बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पेपरात मोठे मथळे आले, डॉक्टरांना शिव्या बसल्या, बसायलाच पाहिजे होत्या. पण मोळी किती किलोची असते हे कोणी मथळ्यात घेतलं नाही. ऑपरेशननंतर त्याच बाईला सांगायचं वजन उचलू नका, आणि तिच्या डोक्यावर उचल तशीच. मोळी नाही उचलली तर उचल फिटत नाही.

यावर लोक म्हणतात मशीन आणा, हार्वेस्टर आणा, कन्व्हेयर बेल्ट लावा. आणा की. पण मशीन आलं की वजन हलकं होत नाही, माणूसच जातो. सुटकेसला चाकं लागली आणि स्टेशनवरच्या लाल शर्टवाल्यांची हमाली गेली, त्यांना कोणी विचारलं का की आता तुम्ही काय करणार. हार्वेस्टर एकीकडे येतोय तसा दुसरीकडे मुकादम लोकांना घाबरवतोय, जास्त बोलाल तर मशीन आणीन. त्यामुळे मशीन हे उत्तर अर्धंच आहे.

खरा विरोध कुठून येतो सांगू? व्यापाऱ्यांकडून येतो हे तर धरूनच चाला, बारदाना जास्त लागेल, शिलाई जास्त, वेळ जास्त, खर्च जास्त. यात तथ्य आहे थोडं, 25 किलोची गोणी केली तर दुप्पट गोण्या शिवाव्या लागतील आणि तो खर्च शेवटी तुमच्या-माझ्या किराण्यात येणार. येऊ दे. साखर किलोमागे काही पैशांनी महाग झाली म्हणून कोणाचा मणका वाचत असेल तर मी द्यायला तयार आहे आणि मला वाटतं बरेच लोक तयार होतील, त्यांना कोणी विचारतच नाही. पण विरोध हमालांकडूनही येतो, आणि तो जास्त विचार करण्यासारखा आहे. कारण हमाली गोणीवर मिळते. गोणी अर्धी झाली की मालक दर पण अर्धा करणार, आणि तेवढेच पैसे कमवायला फेऱ्या दुप्पट. शिवाय तरण्याताठ्या पोरांना वाटतं आम्हाला जमतंय ना 50, मग कशाला. पंचविशीत सगळ्यांनाच जमतं. त्यामुळे नुसतं वजन कमी करून भागणार नाही, हमालीचा दर क्विंटलवर बांधावा लागेल आणि छोट्या गोणीला थोडा चढाच द्यावा लागेल, फेऱ्या वाढणार म्हणून. हे बाजार समितीत बसून ठरवता येण्यासारखं आहे, दरवाढीची बोलणी होतातच ना दर काही वर्षांनी.

अजून एक गोष्ट मी आमच्या भुसार बाजारात बघितलीय. माथाडींची टोळी असते, आठ-दहा जणांची. त्यातल्या एकाची कंबर गेली तर लगेच त्याला घरी नाही बसवत, त्याला दाभण-सुतळी धरायला देतात, पोत्यांची तोंडं शिव म्हणतात, काट्यावर उभा राहून वजन लिही म्हणतात. पैसे टोळीत वाटले जातात. म्हणजे प्रत्येक जड कामाच्या पोटात थोडं हलकं काम असतंच. शिवणं, मोजणं, लिहिणं, पाणी देणं, लक्ष ठेवणं. पूर्वी रोहयोच्या म्हणजे रोजगार हमीच्या कामावर पण बघितलंय, माठातलं पाणी द्यायला म्हातारी असायची, झाडाखाली पोरं सांभाळायला एखादी बाई असायची आणि तिला पण हजेरी मिळायची, 2005 च्या मनरेगा कायद्यात तर पाच किंवा जास्त लहान पोरं असली की एक बाई त्यांच्यासाठी ठेवायची असं लिहिलेलंच होतं. प्रश्न एवढाच आहे की ते हलकं काम वाटतं कोण. टोळी वाटते तेव्हा ते दुखणाऱ्याला मिळतं. ठेकेदार वाटतो तेव्हा ते त्याच्या मेव्हण्याला मिळतं.

म्हणून मला वाटतं मागण्या साध्या आहेत. नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत जास्तीत जास्त किती किलो उचलावं लागेल हे लिहायची सक्ती करा, एक ओळ तर आहे. 50 माणसं कामाला असतील तिथे काही जागा लाइट ड्युटीच्या राखून ठेवा आणि ईएसआयच्या डॉक्टरने लिहून दिलं की ती जागा द्यायलाच लागेल असं करा. गोणीचं म्हटलंच आहे. मोळीला पण वजनाची मर्यादा घाला, ऊसतोड कामगारांचं महामंडळ आहे गोपीनाथराव मुंडेंच्या नावाचं, त्यांना हे जड नाही, गाडी चढवताना दोन माणसांनी मोळी धरायची एवढा नियम केला तरी खूप झालं.

आणि जे म्हणतात वॉचमनकी आहे की, बसून तर असतो, त्यांनी एक रात्र बसून दाखवा. खुर्ची काढून घेतात कितीतरी सोसायट्यांत, झोपतो म्हणून. बारा तास उभं राहणं हे पण एक वजनच आहे, स्वतःचंच साठ-सत्तर किलो. कपड्याच्या दुकानातल्या पोरी तर दिवाळीत दहा-दहा तास पायावर. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला मिळालंच पाहिजे असा कायदा केला, केरळात तर साडीच्या दुकानातल्या बायकांनी त्यासाठी लढा दिला होता. बसण्यासाठी कायदा लागतो हे वाचून मला आधी हसू आलं होतं, मग आमच्याच मेन रोडवरच्या दुकानांत डोकावून बघितलं आणि हसू गेलं.

ती बाई परवा परत आली होती. मंगल कार्यालयात काम मिळालं म्हणाली, भाजी निवडायची, लसूण सोलायचा, बसून काम, लग्नाच्या तारखा असतील तेव्हा बोलावतात. चांगलं चाललं होतं पण तिसऱ्या लग्नाला आचारी म्हणाला धर गं हे पातेलं एका बाजूने. भाताचं पातेलं. नाही म्हटलं तर उद्यापासून येऊ नको म्हणाला, म्हणून धरलं, दोन दिवस रक्त गेलं.

तिला माझ्याकडून एक कागद हवा होता. तो इंग्रजीतला दवाखान्याचा कागद आचाऱ्याला वाचता येत नाही, मराठीत मोठ्या अक्षरात टाइप करून द्या म्हणाली, दाखवायला बरं पडंल. मी टाइप केलं, "या महिलेचे ऑपरेशन झाले आहे, तिला जड वजन उचलायला सांगू नये." प्रिंट काढली, लॅमिनेशन पण करून दिलं, पैसे घेतले नाहीत. तिने कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि खालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "ताई, हितं सही कोणाची घ्यायची?"